दहा ते चारचा दवाखाना

परदेशी डॉक्टरांच्या शिबिरातून अकबरभाईंना काय मिळणार, याचा हिशेब न्हावऱ्यातल्या प्रत्येकानं आपापल्या परीनं करून ठेवला होता आणि प्रत्येकाचा चुकला होता. चहाच्या टपरीवर तर ठरूनच गेलं होतं की बाहेरदेशातली माणसं येणार म्हणजे डॉलर येणार. नॉर्वेत डॉलर चालत नाहीत, असं कोणीतरी म्हणालं.

"मग काय चालतं तिथं?"

"कायतरी येगळं असतंय."

"असतंय ना कायतरी? मग कंपौंडरची चांदी हाय."

प्रत्यक्षात मिळणार होती एक निळी टोपी, गळ्यात अडकवायचं कार्ड आणि दुपारचं जेवण. पण अकबरभाई काही व्यवहाराला कच्चे नव्हते. त्यांनी आपला फायदा भलतीकडेच पाहून ठेवला होता. शिबिराचे सगळे दिवस कोणी ना कोणी त्यांना हाक मारणार होतं. 'अकबरभाई, पाणी कुठंय? अकबरभाई, पुढचा पेशंट. अकबरभाई, हे काय म्हणतायत?' ज्याच्या घरात दिवसभर हाका चाललेल्या असतात त्याला हा फायदा दिसायचा नाही. त्याला ती कटकट वाटते.

बायको शहाबानो जाऊन तिसरं वर्ष सरत आलं होतं. मुलगा इम्तियाज सणसवाडीत कंपनीला. तिथंच फ्लॅट, तिथंच संसार. एसटीनं गेलं तर दीड तासाचं अंतर, पण मधे शिफ्ट नावाची नदी लागते आणि तिला उतार नसतो. दर शुक्रवारी फोन यायचा.

"अब्बा, खाना खाये?"

"खाया."

"गोली ली?"

"ली."

एवढ्या शिदोरीवर पुढचा आठवडा काढायचा. संध्याकाळी टीव्हीवरची बाई बातम्या संपवून नमस्कार करायची, तेव्हा अकबरभाई तिला "बरं, या आता" म्हणायचे. ही सवय कधी लागली, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

तीस वर्षं त्यांनी गावातल्या डॉक्टरांकडे कंपौंडर म्हणून काढली होती. डॉक्टर थकले, लेकीकडे पुण्याला गेले. दवाखान्याला कुलूप लागलं आणि किल्ली अकबरभाईंच्या घरी खिळ्याला टांगली गेली. शिरूरचे ईश्वरराव जेव्हा त्या किल्लीच्या शोधात आले, तेव्हा त्यांनी सगळं स्वच्छ सांगून टाकलं. ईश्वररावांची सामाजिक संस्था होती आणि जिल्हा परिषदेची निवडणूक जवळ येत होती. या दोन गोष्टींचा संबंध ज्यानं त्यानं लावावा.

"अकबरभाई, ही मंडळी ऊसतोड कामगारांसाठी येतायत. पाव्हण्या मजुरांची तपासणी हेच त्यांचं काम. गर्दी चांगली झाली तर दर हिवाळ्याला इथंच येतील, आन् एरवी आठवड्यातनं दोन दिवस आपण हा दवाखाना उघडू. तुम्हीच बसायचं. गर्दी न्हाई झाली, तर पुढच्या वर्षी शिबिर पाटसला. तिथं तोडकऱ्यांच्या झोपड्या, कोप्या भरपूर."

"गर्दी व्हईल," अकबरभाई म्हणाले. दवाखान्याचं दार उघडं असणार, आत आपण असणार, बाकावर माणसं असणार. त्यासाठी त्यांनी वाघाचीसुद्धा गर्दी केली असती.

अडचण एकच होती आणि ती अकबरभाईंना पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. शिबिराची वेळ दहा ते चार. डॉक्टरांच्या विम्याचा काही नियम होता. अंधार पडायच्या आत त्यांनी शिरूरला लॉजवर पोचलंच पाहिजे. आणि ऊसतोडीची माणसं तर उजाडायच्या आत फडात जातात, ती दिवेलागणीला परततात. तोडीला नवराबायको जोडीनं असतात. त्यातलं एक जण जरी बसलं तरी मुकादम खाडा धरतो, आणि आजारी माणसाला ताप एकदाच येतो पण खाडा दुप्पट लागतो. तेव्हा दहा ते चार या वेळेत कालव्यापलीकडच्या कोप्यांतून दवाखान्यात येऊ शकत होती फक्त कुत्री.

हे ईश्वररावांना त्याच दिवशी सांगता आलं असतं. अकबरभाईंनी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, "मग पाटसच बरं."

त्याऐवजी त्यांनी निळी टोपी घातली आणि लग्नाचं बोलावणं करतात तसं ते घरोघर फिरले. "फुकट तपासतात. चष्माबी देतात. जरा गर्दी दिसू द्या." शेवटी आवाज खाली आणून, "आन् कुठनं आलात आसं इचारलं, तर म्हणायचं, लांबून."

गावानं बोलावण्याचा मान राखला. पहिल्या दिवशी दहा वाजता दवाखान्यापुढं जी माणसं जमली, ती पाहून कोणालाही वाटलं असतं की आत लग्न आहे. बायांनी ठेवणीतली लुगडी काढलेली, म्हाताऱ्यांच्या टोप्यांना परीट घडी. सिंधूबाईंनी डॉक्टरांसाठी वांग्यांची पिशवी आणली होती. गोऱ्या मंडळींना नवलच वाटलं असावं. तोडीचे मजूर म्हणून त्यांनी फोटोत पाहिलेले लोक आणि हे लोक यांत कपड्यांचा बराच फरक होता. पण पाहुण्या माणसांना नवल वाटायची सवय असते.

मुख्य डॉक्टर इंगाबाई. साठीच्या, उंच, केस पांढरेशुभ्र. त्यांचं इंग्रजी मराठीत करायला शिरूरची सारिका होती, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाची पोर. तिला पुढं परदेशात नोकरी करायची होती आणि त्यासाठी इंगाबाईंच्या शिफारशीवर तिचा डोळा होता. म्हणजे दवाखान्यात चुकून एखादा माणूस बिनफायद्याचा असेल म्हणावं, तर तोही नव्हता.

साखरबाई पहिल्याच नंबरला बसल्या.

"आजी, कुठून आलात?" सारिकानं विचारलं.

"लांबून."

"किती लांबून?"

"खालच्या आळीतनं." मग अकबरभाईंचा चेहरा पाहून, "आता कंबर धरली मंजी लांबच की गं बाई!"

सारिकानं अकबरभाईंकडे पाहिलं. अकबरभाई कापसाचे बोळे करण्यात गर्क होते. सारिकानं इंगाबाईंना काहीतरी छोटंसं सांगितलं, इंगाबाईंनी मान हलवली आणि साखरबाईंचं बोट टोचून रक्त घेतलं.

"साखर निघाली का?" साखरबाईंनी विचारलं.

"नाही आजी. अगदी नॉर्मल."

"आं? नाव काय माझं, आन् साखर न्हाई? नीट बघा की वो बाई!"

बाकावरचे सगळे हसले, इंगाबाईही न कळताच हसल्या. अकबरभाईंच्या कानांना तर त्या हशाची जणू तहान होती. त्या दिवशी त्यांना किती हाका आल्या म्हणून सांगावं! चारच्या सुमाराला त्यांचा घसा बसला होता, आणि बसलेला घसा ते दागिन्यासारखा मिरवत घरी आले.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत सारिका डबा घेऊन मैत्रिणींशी फोनवर बोलत बसायची. तेव्हा इंगाबाई मागच्या पायरीवर यायच्या आणि अकबरभाई त्यांना चहा द्यायचे. बाईंनी एकदा फोनवर फोटो दाखवला: बर्फ, लाल रंगाचं घर, दारात एक दाढीवाला. मग हाताचा पंजा उताणा केला आणि फुंकर मारली. गेला. अकबरभाईंनी बोटं वर करून आपल्या तीन वर्षांचं सांगितलं.

त्यानंतर त्या त्यांच्या भाषेत बोलू लागल्या. इंग्रजीसुद्धा नव्हतं ते. अकबरभाई मराठीत बोलू लागले. शहाबानोला चहात आलं जास्त लागायचं. ती भांडली की भांडी घासायला काढायची, घासलेलीसुद्धा. इम्तियाजला लहानपणी न्हावऱ्यातून कुठं जायचं नव्हतं, एसटी बघितली की रडायचा. बाई मधेच थांबायच्या, हे थांबायचे, पुन्हा दोघं सुरू. एकाचं अक्षर दुसऱ्याला कळत नव्हतं आणि तीन वर्षांत अकबरभाई कोणाशी एवढं मोकळं बोलले नव्हते. पायरीवर ऊन यायचं तेव्हा दोघं एका वेळी सरकायची.

मग एका संध्याकाळी चांगुणा आली.

डॉक्टरांची गाडी शिरूरच्या दिशेनं नुकतीच गेली होती. अकबरभाई कुलूप लावत होते. बाई तिशीच्या आतली, अंगावर उसाच्या पाचटाची कुसळं, डाव्या हाताला लुगड्याची चिंधी आवळलेली. चिंधी भिजून काळी पडली होती.

"दवाखाना हितंच हाय न्हवं, चाचा? कोयता घसरला जरा."

अकबरभाईंनी दार परत उघडलं. चिंधी सोडली. जरा नव्हता घसरला. ऊस धरायच्या हाताची दोन बोटं मुळापाशी उघडी पडली होती, आत पांढरं दिसत होतं. टाके हवेत, इंजेक्शन हवं, आणि आजच हवं. एवढं कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही. औषधांची पेटी ईश्वररावांच्या माणसानं कुलूपबंद करून गाडीतच नेली होती.

फोन खिशात होता. ईश्वररावांना एक फोन, की गाडी अर्ध्या रस्त्यातून मागं. पण मग इंगाबाई येणार. विचारणार, ही कोण, कुठून आली? आणि ही काही 'लांबून' म्हणणार नव्हती, ही खरंच लांबून आली होती. मग विचारणार, हिच्यासारखे बाकीचे कुठं आहेत? इतके दिवस मी कोणाला तपासलं? त्या एका फोनच्या पलीकडं अकबरभाईंना पाटसचा रस्ता लख्ख दिसला, आणि अलीकडं बंद दवाखाना, खिळ्याला किल्ली, टीव्हीवरची बाई.

त्यांनी तिचा हात धुतला, हळद-डेटॉल जे होतं ते लावलं, पट्टी मात्र सुरेख बांधली. तीस वर्षांची सवय होती.

"उद्या दहाला या. मोठ्या डॉक्टरीणबाई आहेत. टाके घालतील."

"दहाला?" चांगुणा हसली. "दहाला फडात असतो की वो आम्ही. खाडा पडंल."

"मग दुपारी तरी."

"दुपारी ट्रक भरायची. कोण सोडतंय?" तिनं पट्टी उलटसुलट करून पाहिली. "ब्येस बांधली. भागंल ह्याच्यावर."

"भागणार न्हाई," अकबरभाई म्हणाले. "मी सकाळी त्यांना सांगतो. बघू, काय जमतंय."

"सांगा," ती म्हणाली, आणि कालव्याच्या वाटेला लागली.

सकाळी बाकावर भरपूर माणसं होती. सिंधूबाईंनी दुसऱ्यांदा नंबर लावला होता, या वेळी गुडघ्यासाठी. इंगाबाईंनी दारातच "अक्बर!" म्हणून हाक मारली, त्या नावातला ब त्या असा काही म्हणायच्या की अख्खं नाव नवं वाटायचं. अकबरभाई मनाशी म्हणाले, पहिला चहा झाला की सांगू. चहा झाल्यावर म्हणाले, जेवणाच्या सुट्टीत. सुट्टीत पायरीवर त्या दोघांचं बोलणं इतकं रंगलं की सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे काय, त्यांनी ते ठेवलं.

दुसऱ्या संध्याकाळी चांगुणाचा नवरा आला. आत आला नाही, उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "एक पट्टी द्या. वास मारतीया."

"तिला दौंडला न्या. आत्ता न्या."

"मुकादमाला इचारतो."

"इचारू नका, न्या!"

तो मान डोलावून पट्टी घेऊन गेला. सुनावणं सोपं असतं. फोन खिशातच होता, आणि तो त्याही संध्याकाळी खिशातच राहिला.

शेवटच्या दिवशी दवाखान्यासमोर मांडव घातला होता. ईश्वरराव पांढऱ्या कडक कपड्यांत, शाली आणि नारळ टेबलावर, फोटोग्राफर पुण्याचा. अकबरभाई खुर्च्या मांडत होते तेव्हा रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला आणि ड्रायव्हरनं गाडी मंद करून सांगितलं, "चाचा, त्या चांगुणाला नेली वो दौंडला. हात ह्यो एवढा सुजलेला. दोन बोटं काढली म्हणं."

अकबरभाईंच्या हातात खुर्ची होती. ती त्यांनी नीट रांगेत ठेवली. मग मांडवातून सरळ सारिकाकडे गेले. इंगाबाई तिच्या शेजारीच उभ्या होत्या.

"बेटा, ह्यांना एक सांग. मी बोलतो तसंच्या तसं सांग."

"बोला ना चाचा."

"म्हणावं, तुम्ही ज्यांच्यासाठी आलात, ती माणसं हितं आलीच न्हाईत. ती दिवसा येत न्हाईत हे मला ठावं होतं. मी गावातली बसवली. एक बाई आली होती, तिला मी परत लावली. तिची दोन बोटं गेली. हे शिबिर रात... संध्याकाळी पाहिजे, कोप्यांवर पाहिजे. पाटसला न्या म्हणावं. कुठंबी न्या."

सारिकाचा चेहरा एकदा लाल झाला, एकदा पांढरा. तिनं ईश्वररावांकडे पाहिलं, मग टेबलावरच्या पाकिटाकडे. तिची शिफारस त्यात होती. मग ती इंग्रजीत बोलली. थोडंच बोलली, गोड बोलली. कंपौंडरला इंग्रजी येत नसलं तरी औषधाचं आणि अंगाचं येतं. बोटाला फिंगर म्हणतात. सारिकाच्या बोलण्यात फिंगर कुठंही नव्हतं.

इंगाबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी अकबरभाईंचे दोन्ही हात हातात घेतले.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून आम्ही येतो."

"मी सांगितलं ते सांगितलंस तू?"

सारिकानं ओढणी नीट केली. "चाचा, पाहुणे बसलेत. सत्कार आधी होऊ द्या ना."

अकबरभाईंनी आपले हात सोडवले. उजव्या हाताची दोन बोटं वर केली, इंगाबाईंच्या डोळ्यांपुढं धरली. "टू फिंगर. टू फिंगर... नो. नो!"

बाई क्षणभर गोंधळल्या. मग त्यांना वाटलं, कळलं. हसत त्यांनीही आपली दोन बोटं तशीच वर केली, अकबरभाईंच्या खांद्यावर हात टाकला, आणि पुण्याचा फोटोग्राफर ओरडला, "वा! अस्संच राहा!"

तो फोटो फार चांगला आला. ईश्वररावांनी त्याचा फ्लेक्स करून स्टँडवर लावला. मांडवातच जाहीर झालं होतं: गर्दीचा उच्चांक, दर हिवाळ्याला न्हावरेच. साखरबाईंनी सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या. शुक्रवारी इम्तियाजचा फोन नेहमीपेक्षा लांबला. "अब्बा, फोटो देखा! क्या बात है!" अकबरभाई त्याला सांगायला गेले, "बेटा, उस फोटो में..." तेवढ्यात तिकडं शिफ्टचा भोंगा झाला.

दोन दिवसांनी ते कालवा ओलांडून कोप्यांवर गेले. टोळी उठत होती. पाचटाची छपरं मोडून ट्रॅक्टरवर चढवत होते. आता पुढचा फड दौंडच्या बाजूला. मुकादम खंडू दोऱ्या आवळत होता.

"चांगुणा कुठंय?"

"गेली गावाकडं, आईकडं. हितं बसून काय करणार? मालक हाय तिचा टोळीत."

"त्याचं कसं आता?"

"कसं म्हंजी? जोडी असली की एक कोयता धरतो आपण. ती बसली, त्याला अर्धा कोयता धरलाय." खंडूनं गाठ मारली. "उचल पुऱ्या कोयत्याची घेतलीया. अर्ध्यानं फेडायची म्हंजी पुढचा सीझन गेला, त्याच्या म्होरचाबी गेला." मग त्याला काहीतरी आठवलं. "चाचा, तुमची पट्टी मातुर भारी होती हां. ती म्हणत होती, चाचाचा हात लई हलका."

अकबरभाई तिथं उभेच राहिले. ट्रॅक्टर गेला, धूळ बसली. मागं चुलींची काळी वर्तुळं राहिली, ओळीनं, गल्लीत घरं असावीत तशी.

आता मंगळवारी आणि शनिवारी दवाखाना उघडतो. अकबरभाई बसतात. साखरबाई येतात, सिंधूबाई येतात, गप्पा होतात. अकबरभाई हं हं म्हणतात. चार वाजता माणसं उठून जातात, पण ते दार लावत नाहीत. दिवेलागणीपर्यंत बाकासमोर नुसते बसून राहतात. कोणी जाता जाता म्हणतं, "चाचा, चार वाजून गेलं की!" ते म्हणतात, "असू द्या." कालव्यापलीकडं आता कोणी नाही, हे त्यांना माहीत आहे. जिला सांगायचं, ती बाई बर्फात आहे आणि तिला मराठी येत नाही, ज्यांना मराठी येतं, त्यांना सांगून बघितलं तर ते म्हणतात, "तुम्ही लई मनाला लावून घेता, कंपौंडर."

तेव्हा जमा बाजू अशी: ईश्वररावांना फ्लेक्स, सारिकाला शिफारस, इंगाबाईंना समाधान, साखरबाईंना चष्मा, गावाला दवाखाना आणि अकबरभाईंना बाकावर माणसं. हे सगळं भरलं चांगुणानं, डाव्या हातानं. आपण कोणाकोणाचं भरलं, हे तिला कोणी सांगितलेलं नाही.